भाजीपाल्याचे दोन हिशेब : लागवडीचा आणि तोड्याचा



भेंडीला काल काय भाव मिळाला, हे भाजीपाला करणारा कोणताही शेतकरी चटकन सांगतो. मात्र त्याच भेंडीने सगळा हंगाम मिळून घरात किती रुपये आणले, असे विचारले की उत्तर अंदाजानेच येते. 'यंदा बरे गेले' किंवा 'हाती काही उरले नाही', एवढ्यावर बोलणे संपते. बाजारभाव ठरविणे आपल्या हाती नाही. परंतु खर्च किती करायचा, माल केव्हा तोडायचा, तो कोठे विकायचा आणि पुढच्या हंगामात काय लावायचे, या चार गोष्टी आपल्याच हातात असतात. त्या ठरविण्यासाठी दोन वेगवेगळे हिशेब लागतात. एक हिशेब लागवडीपूर्वी मांडायचा आणि दुसरा प्रत्येक तोड्याच्या दिवशी. या दोहोंची सरमिसळ झाली की फायद्याचा माल शेतातच राहतो आणि तोट्याचे पीक पुढच्या वर्षी पुन्हा लावले जाते.

शिरगावची जमेची बाजू आणि खर्चाची बाजू

हे दोन हिशेब समजून घेण्यासाठी आपण अंबरनाथ तालुक्यातील बदलापूरलगतच्या शिरगावचा विचार करू. पावसाळ्यात भात आणि भात निघाल्यावर पाण्याची सोय असेल तेथे भाजीपाला, ही ठाणे जिल्ह्यातील जुनी पीकपद्धती आहे. गेल्या काही वर्षांत या पट्ट्याचे रूप पालटले. २००१ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेली. त्याच जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या अडीच लाखांवर आणि उल्हासनगरची पाच लाखांवर होती. म्हणजे २०११ सालीच या तीन शहरांत मिळून नऊ लाखांहून अधिक माणसे रोज भाजी खाणारी होती. रेल्वेने कल्याण १४ किलोमीटरवर आहे. असे गिऱ्हाईक घाटावरच्या भाजी उत्पादकाला दारात मिळत नाही.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजूही तितकीच मोठी आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहती जवळ असल्याने तरुण मुले कारखान्यात जातात आणि शेतीला मजूर महाग पडतो. शहर वाढते तसे जमिनीला गिऱ्हाईक येते आणि खाचराच्या जागी इमारत उभी राहते. अशा ठिकाणी भाजीपाल्याचा मळा ठेवायचा की नाही, हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक घरात निघतो. तो कोणी काहीही ठरविला तरी निर्णय आकड्यांवर व्हावा, ऐकीव गोष्टींवर होऊ नये. मळा खरोखर परवडत नसेल तर ते वहीतून दिसावे, आणि परवडत असेल तर तेही वहीतूनच दिसावे.

पहिला हिशेब : लागवडीपूर्वी

उदाहरणासाठी १० गुंठे भेंडी घेऊ. भात काढल्यावर जानेवारीत पेरणी आणि मार्चपासून तोडे, असे धरू. पुढील आकडे हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतले आहेत. शेतकऱ्यांनी त्यांच्या जागी आपापल्या गावचे दर घालावेत.

लागवड व जोपासना खर्च (१० गुंठे)

१) नांगरट व सरी-वरंबे – १,५०० रु.
२) शेणखत – ३,००० रु.
३) संकरित बियाणे – ३,००० रु.
४) रासायनिक खते – १,५०० रु.
५) पीक संरक्षण – २,००० रु.
६) खुरपणी, पाणी देणे इत्यादी मजुरी, १६ दिवस, ४०० रु. प्रमाणे – ६,४०० रु.
७) पंपाची वीज वा डिझेल – १,६०० रु.
८) किरकोळ – १,००० रु.
एकूण – २०,००० रु.

शेणखत घरचे असले तरी त्याची बाजारातील किंमत धरावी. ते विकले असते तर पैसे आले असते, म्हणून ते फुकट नाही. जमीन खंडाने घेतली असल्यास खंडाची रक्कमही यात मिळवावी.

आता उत्पादन १,२०० किलो धरू. एक दिवसाआड तोडा केल्यास सुमारे सात आठवड्यांत २४ तोडे होतात, म्हणजे तोड्याला सरासरी ५० किलो. एवढा माल तोडण्यास दोन बायांना अर्धा दिवस लागतो असे धरल्यास तोड्याची मजुरी ४०० रुपये आणि २४ तोड्यांची ९,६०० रुपये होते. माल गावातल्या बाजारात पोचविण्यास खेपेला ३० रुपये धरले तर ७२० रुपये झाले. सर्व मिळून ३०,३२० रुपये. यास १,२०० ने भागले असता किलोला २५ रुपये २७ पैसे पडतात. हा आपला पहिला महत्त्वाचा आकडा. हंगामाचा सरासरी भाव २५ रुपये २७ पैशांच्या वर राहण्याची शक्यता असेल तरच हे पीक लावण्यात अर्थ आहे. हा आकडा पेरणीपूर्वी माहीत हवा. बियाणे जमिनीत पडल्यानंतर तो काढून उपयोग होत नाही.

उत्पादन घटले तर हा आकडा कसा चढतो, तेही पाहून ठेवावे. केवडा रोगाने पीक लवकर संपले आणि माल ८०० किलोच निघाला, तर लागवडीचे २०,००० रुपये तेवढ्याच मालावर बसतात. किलोला २५ रुपये नुसते लागवडीचे होतात आणि तोडणी-वाहतूक त्यावर वेगळी. म्हणूनच केवडा रोगास प्रतिकारक जात निवडणे हा पीक संरक्षणाइतकाच पैशाचाही प्रश्न आहे.

सरासरी भाव कसा काढावा

सरासरी काढताना एक चूक बहुतेक ठिकाणी होते. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा भाव घेऊन त्यांची बेरीज तिनाने भागली जाते. यात किती किलोला कोणता भाव मिळाला, हे सुटून जाते. पुढील उदाहरण पाहा.

पहिले ८ तोडे – २०० किलो, भाव ५० रु. – १०,००० रु.
मधले ८ तोडे – ६४० किलो, भाव ३० रु. – १९,२०० रु.
शेवटचे ८ तोडे – ३६० किलो, भाव ३६ रु. – १२,९६० रु.
एकूण – १,२०० किलो – ४२,१६० रु.

तीन भावांची साधी सरासरी ३८ रुपये ६७ पैसे येते. परंतु प्रत्यक्षात हाती आलेल्या ४२,१६० रुपयांस १,२०० किलोने भागले तर खरा सरासरी भाव ३५ रुपये १३ पैसे निघतो. या फरकाने सगळ्या हंगामात ४,२४० रुपयांची चूक होते. ज्या दिवसांत आपल्याकडे माल जास्त, त्याच दिवसांत शेजाऱ्याकडेही जास्त असतो आणि भाव उतरतो. त्यामुळे साधी सरासरी आपल्याला नेहमी खऱ्यापेक्षा अधिक पैसे दाखविते. पुढच्या वर्षाची आखणी कधीही तिच्यावर करू नये.

घरच्या मजुरीचे मोल

वरील उदाहरणात विक्री ४२,१६० रुपये आणि खर्च ३०,३२० रुपये. शिल्लक ११,८४० रुपये. हा नफा झाला. पण घरातील माणसांनीच सर्व काम केले असेल तर मजुरीचे १६,००० रुपयेही घरातच राहिले. म्हणजे हातात २७,८४० रुपये दिसतील. यातील नफा किती व मजुरी किती, हे वेगळे न केल्यास फसगत होते.

मजुरीचे १६,००० रुपये म्हणजे ४०० रुपयांप्रमाणे ४० दिवसांचे काम. २७,८४० रुपयांस ४० ने भागले तर घरच्या माणसाला दिवसाला ६९६ रुपये पडले. हा दुसरा महत्त्वाचा आकडा. शिरगावसारख्या ठिकाणी बाहेर कामाला गेल्यास काय मिळते, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहावा. माल पोचविण्यात जाणारा वेळ या ४० दिवसांत धरलेला नाही, तोही ज्याने त्याने आपल्या हिशेबात धरावा.

समजा, भाव पडले आणि सरासरी २५ रुपयेच मिळाली. विक्री ३०,००० रुपये होईल आणि वहीत ३२० रुपयांचा तोटा दिसेल. परंतु घरच्या माणसांना दिवसाला ३९२ रुपये मजुरी सुटलेली असेल. ज्याने सर्व मजूर बाहेरचे लावले, त्याच्या घरात मात्र एक रुपयाही येणार नाही. एकाच पिकाबद्दल एक शेतकरी 'परवडले' आणि दुसरा 'बुडालो' म्हणतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. घरात राबणारे हात किती आहेत, ते पाहून क्षेत्र ठरवावे. शेजाऱ्याने अर्धा एकर लावला म्हणून आपणही लावावा, असे नाही.

दुसरा हिशेब : तोड्याच्या दिवशी

आता समजा, एप्रिलमध्ये भाव १५ रुपयांवर आला. आपला लागवडीचा हिशेब २५ रुपये २७ पैसे सांगतो. 'एवढ्या भावात तोडून काय करायचे?' असे म्हणून पुष्कळ जण माल झाडावरच ठेवतात. येथे दोन हिशेबांची गल्लत होते.

लागवडीचे बहुतेक पैसे खर्च होऊन गेले आहेत. माल तोडला तरी ते परत येत नाहीत आणि न तोडल्याने वाचतही नाहीत. आज सकाळी ठरवायचे आहे ते एवढेच की, आजचा माल तोडून विकण्यास आणखी किती खर्च येईल व त्यातून किती मिळेल. ५० किलोच्या तोड्यास मजुरी ४०० आणि वाहतूक ३०, मिळून ४३० रुपये, म्हणजे किलोला ८ रुपये ६० पैसे. भाव १५ रुपये असेल तर तोड्याचे ७५० रुपये येतील आणि ४३० वजा जाता ३२० रुपये हाती राहतील. माल झाडावर ठेवला तर हे ३२० रुपयेही गेले. हंगाम तोट्यात गेला तरी तोटा कमी करण्याचा हाच मार्ग आहे.

भेंडीच्या बाबतीत आणखी एक शास्त्रीय कारण आहे. फूल उमलल्यापासून ५ ते ७ दिवसांत फळ तोडणीस येते. ते झाडावर जून होऊ दिले तर झाडाचा अन्नरस बी भरण्याकडे जातो, नवीन फुले कमी येतात आणि पुढचे तोडे घटतात. आज भाव नाही म्हणून एक तोडा चुकविला तर भाव सुधारल्यावर तोडायला माल नसतो. काकडी, दोडका, गवार, चवळी या पिकांनाही हेच लागू पडते. म्हणून तोड्याचा खर्च जेमतेम भरून निघत असला तरी तोडा चुकवू नये.

हंगाम संपत येतो तेव्हा मात्र हाच हिशेब उलट सांगतो. तोडा १५ किलोवर आला तरी एका बाईला अर्धा दिवस लागतोच. मजुरी २०० आणि वाहतूक ३०, म्हणजे किलोला १५ रुपये ३३ पैसे. त्यात पुढच्या आठवड्याचे पाणी व फवारणी मिळवावी, कारण हा खर्च अजून व्हायचा आहे. भाव याच्या खाली असेल तर पीक काढून जमीन मोकळी करावी. झाडे हिरवी दिसतात म्हणून ठेवलेले पीक पैसे खाते.

माल कोठे न्यावा

माल नेण्याचे ठिकाण ठरविताना भाव पाहू नये, हातात पडणारी रक्कम पाहावी. ५० किलोच्या एका तोड्याचे चार पर्याय मांडून पाहू. हे भावही उदाहरणादाखल आहेत.

१) वाशी : भाव ४० रु. वाटेतील घट जाऊन ४८ किलो भरले. विक्री १,९२० रु. टेम्पोचे १५० व हमाली-तोलाई वगैरे ६० वजा जाता १,७१० रु.

२) कल्याण बाजार समिती : भाव ३७ रु., वजन ४९ किलो. विक्री १,८१३ रु. टेम्पो ७५ व हमाली वगैरे ४० वजा जाता १,६९८ रु.

३) बदलापुरातील भाजीविक्रेता : भाव ३६ रु., वजन ५० किलो. विक्री १,८०० रु. खेपेचे ३० वजा जाता १,७७० रु.

४) स्वतः बसून विक्री : ४० किलो ६० रुपयांनी आणि उरलेली १० किलो शेवटी ३० रुपयांनी. विक्री २,७०० रु. जागेची पावती, पिशव्या व पेट्रोल यांचे १०० आणि बसणाऱ्याच्या वेळेचे ३०० वजा जाता २,३०० रु.

सर्वांत वरचा घाऊक भाव वाशीचा, तरी ३६ रुपये देणाऱ्या गावातल्या विक्रेत्याकडून ६० रुपये जास्त सुटले. जवळच्या बाजाराचा फायदा तो हाच. मग वाशी नकोच का? तसे नाही. स्वतः बसून ४०-५० किलो विकता येतात, २०० किलो विकता येत नाहीत. गावातला विक्रेताही त्याला खपेल तेवढाच माल घेतो. भर हंगामात माल वाढला की मोठ्या बाजाराशिवाय गत्यंतर नसते, आणि चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून टेम्पो भरला तर किलोमागे वाहतूक उतरते. म्हणून सर्व माल एकाच ठिकाणी देण्यापेक्षा निवडक ताजा माल थेट ग्राहकास, काही विक्रेत्यास आणि उरलेला मोठ्या बाजारास, अशी विभागणी ठेवावी. प्रतवारी शेतावरच करावी. कोवळ्या, एकसारख्या मालात दोन-चार जून फळे मिसळली तर सगळ्या पाटीला जून मालाचा भाव मिळतो.

मुंबईचा भाजीपाला बाजार १९९६ मध्ये वाशीस हलला. त्यानंतर आपल्या विक्रीच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल जुलै २०१६ मध्ये झाला. राज्य शासनाने बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळे व भाजीपाला विक्री नियमनमुक्त केली आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असे ठरले. त्यामुळे आडत्याकडून आलेली पट्टी नुसती खिशात घालू नये. वजन, भाव आणि प्रत्येक कपात पाहावी. आडत म्हणून रक्कम कापलेली दिसल्यास विचारणा करावी आणि समाधान न झाल्यास बाजार समितीकडे जावे. शेतावर वजन करूनच माल पाठवावा. आपले वजन आपल्याला ठाऊक नसेल तर पट्टीवरचे वजन तपासणार कशाशी?

त्याच वर्षी पणन मंडळाने संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराची योजना सुरू केली. शेतकरी गट करून अशा बाजारात बसल्यास रोज एका घरातील माणूस अडकत नाही, आळीपाळीने जाता येते. दहा किंवा अधिक उत्पादकांना एकत्र येऊन शेतकरी उत्पादक कंपनीही काढता येते. परंतु आधी गटाने टेम्पो आणि वजनकाटा एकत्र चालवून पाहावा. एकमेकांचा हिशेब पटतो की नाही ते तेथेच कळते. कंपनी त्यानंतर काढावी.

थेट विक्रीत ग्राहक तोंडावर प्रश्न विचारतो. अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणाऱ्या वालधुनी नदीचे प्रदूषण या भागात सर्वांना माहीत आहे. त्यामुळे भाजी कोणत्या पाण्यावर वाढली, ही शंका येथे हमखास निघते. विहिरीचे वा बोअरचे पाणी तपासून अहवाल जवळ ठेवावा. कीटकनाशक फवारल्यानंतर डब्यावरील पत्रकात दिलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय तोडा करू नये आणि फवारणीची तारीख वहीत लिहावी. ग्राहकाच्या जिवाचा प्रश्न तर आहेच, शिवाय एकदा गेलेले गिऱ्हाईक भाव उतरवूनही परत येत नाही.

उचल आणि उधारी

बियाण्याच्या वेळी पैसे नसतात म्हणून व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते. 'व्याज काही नाही, माल मात्र माझ्याकडेच घालायचा,' एवढीच अट असते. ही अट फुकटची नाही. समजा, १०,००० रुपये उचल घेतली आणि त्यापायी १,२०० किलो मालाला किलोमागे २ रुपये भाव कमी मिळाला. चार महिन्यांत २,४०० रुपये गेले. हे चार महिन्यांचे २४ टक्के आणि वर्षाचे ७२ टक्के व्याज झाले. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे अथवा बँकेचे पीक कर्ज किंवा किसान क्रेडिट कार्ड यांच्याशी याची तुलना करावी. पीक कर्जाची वेळेवर परतफेड केल्यास व्याजात सवलतही मिळते. बँकेत कागदपत्रांसाठी घालविलेले दोन दिवस महाग नाहीत.

दुसरे दुखणे उधारीचे. विक्रेत्याकडे आज ३०० राहिले, परवा ५००, असे करीत हंगामाअखेर आकडा फुगतो आणि मग वाद होतो. उधारीला आठवड्याची मर्यादा ठेवावी. रविवारी हिशेब चुकता, सोमवारी नवा माल, असे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावे. मोबाईलवरून पैसे येत असतील तर ते घरखर्चाच्या खात्यात न घेता शेतीच्या वेगळ्या खात्यात घ्यावेत. म्हणजे वही चुकली तरी बँकेचे पुस्तक चुकत नाही.

प्रत्येक किलोमागे लागवडीचे सुमारे १७ रुपये बाजूला काढण्याची सवय लावावी. भाव चांगला असतो त्या दिवसांत तर हे कटाक्षाने करावे. हंगामाअखेर पुढच्या लागवडीचे २०,००० रुपये तयार राहतात आणि उचलीची वेळ येत नाही.

हप्त्याने लागवड आणि सणांचा हिशेब

वरच्या उदाहरणात मधल्या ८ तोड्यांत निम्म्याहून अधिक माल आला आणि तोच सर्वांत कमी भावाने गेला. यावर उपाय म्हणजे लागवड हप्त्याने करणे. १० गुंठ्यांचे तीन तुकडे करून १५-१५ दिवसांच्या अंतराने पेरणी केल्यास रोजचा माल बेताचा राहतो, घरच्या माणसांना तोडणी झेपते आणि गावातल्या बाजारात तो खपतो. थेट विक्री करणाऱ्याने एकच भाजी न ठेवता मेथी, माठ, मुळा यांसारख्या महिनाभरात येणाऱ्या पालेभाज्यांचे वाफे सोबत ठेवावेत. जुडी घ्यायला आलेले गिऱ्हाईक भेंडीही नेते.

पावसाळ्यात मांडवावरची पिके घेणाऱ्यांनी तिथी पाहून उलटे मोजावे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेल्या भाज्यांची मिसळ करण्याची आपल्याकडे चाल आहे. माठ, अळू, पडवळ, शिराळी यांना त्या दोन-तीन दिवसांत मोठी मागणी असते. पाठोपाठ पितृपक्ष येतो. माठ २५ ते ३० दिवसांत तयार होतो, तर शिराळी, पडवळ यांचा पहिला तोडा दोन महिन्यांच्या आसपास येतो. तिथीपासून तेवढे दिवस मागे मोजून पेरणी करावी. माठ पावसात कुजू नये म्हणून गादीवाफ्यावर घ्यावा. वेलवर्गीय भाज्यांत दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने विकसित केलेल्या शिराळीची कोकण हरिता, पडवळाची कोकण श्वेता व कारल्याची कोकण तारा या जाती कोकणच्या हवामानासाठी आहेत. मात्र सणाच्या एका दिवसावर सगळे क्षेत्र लावू नये. त्या दिवशी पाऊस झाला तर माल घरीच राहतो.

वही कशी ठेवावी

यासाठी मोठ्या शिक्षणाची गरज नाही. शंभर पानी एक वही पुरे. तिचे चार भाग करावेत.

१) खर्च : तारीख, काय घेतले, किती रुपये, रोख की उधार. पावती त्याच पानाला टाचून ठेवावी.

२) मजुरी : तारीख, काम, घरची माणसे किती, बाहेरची किती, अर्धा दिवस की पूर्ण. घरच्या माणसाचा दिवस न चुकता लिहावा.

३) तोडा व विक्री : तारीख, पिकाचे नाव, शेतावरचे वजन, कोठे दिला, तेथे भरलेले वजन, भाव, कपात, हातात आलेली रक्कम.

४) येणे-देणे : कोणाकडून येणे, कोणाला देणे, ठरलेली तारीख.

प्रत्येक पिकाचे पान वेगळे ठेवावे. सगळा भाजीपाला एकाच पानावर लिहिला तर कारल्याने मिळविलेले पैसे टोमॅटोने खाल्ले, हे कधीच कळणार नाही. नोंद त्याच दिवशी रात्री करावी. दोन दिवसांनी आठवून लिहिलेला आकडा हा अंदाजच असतो. घरात शाळा-कॉलेजात जाणारी मुले असतील तर वही त्यांच्याकडे द्यावी. भाजी विकण्याचे काम पुष्कळ घरांत बाईमाणसांच्या हाती असते. पैशाचा पक्का अंदाज त्यांनाच असतो. तेव्हा वही मांडताना आणि पुढचे पीक ठरविताना त्यांना बरोबर घेऊन बसावे.

हंगाम संपल्यावर काय पाहावे

पीक काढल्यानंतर आठ दिवसांच्या आत वही घेऊन बसावे आणि प्रत्येक पिकासाठी चार आकडे काढावेत. एक, किलोमागे एकूण खर्च. दोन, खरा सरासरी भाव, म्हणजे एकूण विक्री भागिले एकूण किलो. तीन, गुंठ्यामागे शिल्लक. चार, घरच्या माणसाला पडलेली दिवसाची मजुरी. आपल्या उदाहरणात हे आकडे २५ रुपये २७ पैसे, ३५ रुपये १३ पैसे, १,१८४ रुपये आणि ६९६ रुपये असे येतात.

एका वर्षाच्या आकड्यांवर पीक बंद करू नये वा दुप्पटही करू नये. एखादे वर्ष अवकाळी पावसाचे, एखादे रोगाचे, एखादे तेजीचे असते. दोन-तीन हंगामांचे आकडे शेजारी ठेवले की कोणते पीक टिकते ते दिसू लागते. जे पीक सलग तीन हंगाम घरच्या माणसाला बाहेरच्या मजुरीइतकेही देत नाही, त्याचे क्षेत्र कमी करून दुसरे पीक घ्यावे. त्यासाठी आपल्या तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्यांशी किंवा याच रेल्वेमार्गावरील कर्जतच्या प्रादेशिक कृषि संशोधन केंद्राशी संपर्क साधावा. सल्ला घ्यायला जाताना वही बरोबर न्यावी. 'भाजी परवडत नाही' या वाक्यावर कोणालाच सल्ला देता येत नाही. 'किलोला २५ रुपये खर्च येतो, त्यातील ८ रुपये तोडणीचे आहेत' असे सांगितले तर खर्च कोठे कमी करता येईल, ते लगेच दाखविता येते.

शेवटी एवढेच सांगणे आहे की, शहराच्या कडेची शेती ही महागड्या मजुरीची आणि जवळच्या गिऱ्हाइकाची शेती आहे. तिचा फायदा ताजेपणात, थोड्या पण रोजच्या मालात आणि घरच्या हातांत आहे. या पेरणीपासूनच एका पिकाची, निदान दहा गुंठ्यांची, वही घालावी. पेरणीपूर्वी सगळा खर्च मोजावा आणि तोड्याच्या दिवशी फक्त पुढचा खर्च मोजावा. एवढे दोन हिशेब वेगळे ठेवले तर मळा ठेवायचा की सोडायचा, हा प्रश्न घरात निघेल तेव्हा सर्वांसमोर उघडून दाखवायला एक वही तरी असेल.